खोली की पडवी?

पलसाण्याच्या चार रस्त्यावर दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. एक दिल्ली-मुंबईचा, ४८ क्रमांकाचा. दुसरा ५३ क्रमांकाचा, हजिऱ्याहून निघून बारडोली, व्यारा, नवापूर करत धुळे-जळगावला जाणारा. या दुसऱ्या रस्त्याने आणि उधना-जळगाव रेल्वेने खानदेशातली असंख्य कुटुंबं सुरतेकडे आली. काही लिंबायत-उधन्यात राहिली, काही कडोदरा-पलसाण्याच्या रंगाई-छपाईच्या मिलांजवळ रो-हाऊस घेऊन स्थिरावली.

त्या रो-हाऊसचा साचा ठरलेला असतो. वीस फूट रुंद, साठ फूट लांब प्लॉट. पुढे आठ फुटांचा ओटला, मग तीस फूट बांधकाम, मागे बावीस फुटांचा वाडा. वाड्यात चिकू, शेवगा, कढीपत्ता, तुळस आणि धुण्याचा दगड. घर आणि वाडा यांच्या मध्ये संडास-बाथरूम, त्याच्या बगलेतून जाणारा अंधारा बोळ आणि त्या बोळाच्या टोकाला पत्र्याचं दार. स्वयंपाकघराची खिडकी वाड्याकडे उघडते खरी, पण ती इतकी उंच की ओट्याशी उभ्या बाईला चिकूचा फक्त शेंडा दिसतो.

अशा घरातले दोघं समोरासमोर बसले की वाद एकच होतो: वाड्यात खोल्या काढायच्या की घर वाड्याकडे उघडायचं? इथे बोलणारे आहेत मिलमधून निवृत्त झालेले कलर मास्तर मामा आणि सुरतेत वास्तुरचना शिकून कामाला लागलेली त्यांची भाची. मधूनमधून मामीही बोलतात, आणि त्यांचं बोलणं सोडून चालत नाही.

मामा : हे बघ पोरी, माझा हिशेब साधा आहे. मागे चारशे चाळीस चौरस फूट जागा पडून आहे. चार फुटांची पट्टी सोडून दोन खोल्या काढतो. एक आमच्या उतारवयासाठी, दुसरी भाड्याने. या पट्ट्यात मिलच्या माणसाला खोली मिळत नाही. रंग वाळायच्या आत भाडेकरू दारात उभा राहील. डावीकडच्याने काढल्या, उजवीकडच्यानेही काढल्या. मीच काय तो बाग सांभाळत बसू?

भाची : दोघांनी काढल्या म्हणूनच तुमचा वाडा आता दुर्मीळ झालाय, मामा. तिन्ही घरांत मिळून उघडी जमीन तेवढीच उरली. आणि पडून कुठे आहे ती? मामी दिवसातला किती वेळ मागे असते, ते मोजलंय कधी?

मामी : मोजू नका. कपडे मागे, भांडी मागे, डाळी निवडणं मागे. उन्हाळ्यात बिबड्या आणि कुरडया मागेच वाळतात. घरात मी येते ती पोळ्या लाटायला आणि झोपायला.

मामा : वाळवण गच्चीवर टाकता येतं.

मामी : माझे गुडघे घेऊन? तुम्ही टाका मग.

भाची : मामीचं हेच म्हणणं आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी हिशेबात मांडलं होतं. मुंबईसारख्या हवेत घरातली निम्म्याहून जास्त कामं बंद खोलीशिवाय होतात, आणि पावसाळा सोडला तर वर्षाचे बहुतेक दिवस होतात. या दोन्हींचा गुणाकार करून त्यांनी म्हटलं की उघडा चौक हा खोलीच्या साधारण निम्मा उपयोगी पडतो. म्हणजे तुमचा वाडा आजही दोनशेवीस चौरस फुटांच्या खोलीइतका उपयोगी आहे, आणि तो बांधायला एक पैसाही लागलेला नाही.

मामा : अर्धी खोली! भाडेकरू अर्ध्या खोलीचं भाडं देईल का? आणि हे कोरिया मोठ्या लोकांचे आर्किटेक्ट.

भाची : मोठ्यांचेही होते. पण नवी मुंबईत बेलापूरला त्यांनी सिडकोसाठी गरीब-मध्यमवर्गीयांची वसाहत उभारली, १९८३ ते १९८६ दरम्यान. प्लॉट पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटर, म्हणजे बरेचसे तुमच्या प्लॉटच्या निम्मेच. त्यातही प्रत्येक घराला स्वतःचं अंगण. शेजाऱ्याशी सामाईक भिंत ठेवली नाही, कारण प्रत्येकाला पुढे आपल्या ऐपतीनुसार घर वाढवता यावं. सात-सात घरं मिळून आठ मीटर बाय आठ मीटरचा एक चौक, आणि असे तीन गट मिळून त्याहून मोठा चौक.

मामा : मग आज काय आहे तिथे?

भाची : कौलारू घरं थोडी उरलीत. बऱ्याच लोकांनी जुनं पाडून दोन-तीन मजली सिमेंटची घरं बांधली. काहींनी स्वतःचं अंगणही झाकलं.

मामा : झालं! माझं काम तूच केलंस. एवढ्या नामवंत माणसाने अंगण दिलं आणि लोकांनी त्यावर स्लॅब टाकला. लोकांना काय हवं असतं ते याच्यावरून कळतं. पोरं मोठी होतात, सुना येतात, पाहुणे येतात. अंगणात कुणी सुनेला झोपवत नाही.

भाची : अर्धी गोष्ट ऐकून निकाल देऊ नका. घरं बदलली, पण मधले सामाईक चौक राहिले. तिथे आजही पोरं खेळतात, कपडे वाळतात, संध्याकाळी बायका बसतात. तो चौक एकट्याच्या मालकीचा नव्हता म्हणून एकट्याला भरता आला नाही. आणि लोकांनी घरं वाढवली यात कोरियांची हार कसली? वाढवता यावीत म्हणूनच तर तशी रचली होती. मी वाढवू नका म्हणतच नाही. किती आणि कुठे, एवढाच प्रश्न आहे.

मामा : बरं, मग सांग, दोन खोल्यांनी बिघडतं काय?

भाची : आधी वारा. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून, समुद्राकडून येतो. तुमचा वाडा दक्षिणेला आहे, म्हणजे घराचं नाक तिकडे आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे हवा यायला मागची बाजू आणि जायला पुढची, एवढ्याच दोन वाटा. मागची वाट अठरा फूट खोल्यांनी बुजवली की मधल्या खोलीत आणि स्वयंपाकघरात दिवसा दिवा लागेल, रात्री पंखा गरम हवाच फिरवेल. याच कोरियांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला गुजरात हाउसिंग बोर्डासाठी अहमदाबादेत एक घर रचलं, फक्त बारा फूट रुंद, तुमच्यापेक्षा अरुंद. त्यात सगळा खटाटोप हवेचा होता: दाराजवळून हवा आत यावी, तापून वर चढावी आणि छपराच्या माथ्यावरच्या झरोक्यातून बाहेर पडावी. रो-हाऊसमध्ये हवेची वाट आधी आखायची, भिंती मागाहून.

मामा : हवा तू सांगतेस, धूळ मी सांगतो. मिलच्या बॉयलरची काजळी, ऊस पेटवून तोडतात तेव्हा उडणारी काळी राख, महामार्गाची धूळ, हे सगळं त्याच वाऱ्यावर येतं. तू भिंत फोडून मोठं दार लावशील आणि तुझी मामी दिवसातून तीनदा लादी पुसेल.

मामी : दोनदा पुसतेच.

मामा : शिवाय डास. शिवाय मागे उसाचं शेत, पावसाळ्यात जनावर निघतं. शिवाय चोर. बोळातलं पत्र्याचं दार कुरूप असेल, पण रात्री कडी लावली की झोप लागते.

भाची : यातलं एकही खोटं नाही, मामा. म्हणून तर मी काचेचं भिंतभर दार सुचवत नाही. मासिकातल्या फोटोंत बैठक आणि हिरवळ यांच्यामध्ये फक्त काच असते. तो थंड देशांचा नमुना. तिथे ऊन आत यावं म्हणून धडपड असते. आपल्याकडे ऊन, पाऊस आणि धूळ तिन्ही दाराबाहेर अडवावी लागतात आणि वारा तेवढा आत घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या घरांत पडवी असायची. वर छप्पर, दोन बाजूंना भिंत, पुढे उघडी.

मामा : म्हणजे पैसे घालून अर्धवट खोली.

भाची : जागा नीट ऐका. पश्चिमेकडे शेजाऱ्याची भिंत आधीच उभी आहे, तिकडून ना वारा ना उजेड. त्या भिंतीला लागून नऊ फूट रुंद, चौदा फूट लांब बांधा. त्यात तुमची उतारवयाची खोली आणि तिलाच जोडलेलं संडास-बाथरूम. मधलं जुनं बाथरूम निघालं की स्वयंपाकघर वाड्याला भिडतं. उरलेल्या अकरा फूट रुंदीत, स्वयंपाकघराच्या मागे, नऊ फूट खोल पडवी. बेरीज करा: खोली एकशेसव्वीस, पडवी नव्याण्णव, मिळून सव्वादोनशे. मागे दोनशेपंधरा चौरस फूट जमीन उघडी राहते. चिकू वाचतो.

मामा : भिंत फोडायची म्हणजे वरचा स्लॅब?

भाची : तुमचं घर वीटकामाच्या भिंतींवर उभं आहे, म्हणून तिथे हात जपूनच घालायचा. खिडकीच्या वर लिंटल आहे. खिडकी तेवढ्याच रुंदीत खाली जमिनीपर्यंत कापली, तर लिंटलला धक्का लागत नाही आणि चार फुटांचं दार मिळतं. त्याहून रुंद हवं असेल तर आधी टेकू, मग नवा लिंटल, आणि तो दोन्ही टोकांना भिंतीत पुरेसा रुतलेला हवा. कोपऱ्याला लागून तर दार काढायचंच नाही. २६ जानेवारी २००१ला भूज हललं तेव्हा सुरतेपर्यंत सगळे रस्त्यावर आले होते, ते विसरू नका. म्हणून म्हणते, चार फूट पुरे. दार चार फुटांचं असलं तरी ओट्याशी उभी राहून मामीला सगळा वाडा दिसेल.

मामा : आणि नवी खोली जुन्या घराला जोडली की वर्षात तडा. मी पाहिलंय. सोसायटीत ज्याने मागे काढलं, त्याच्या सांध्यातून उभी भेग गेली.

भाची : कारण आपण काळ्या मातीवर आहोत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून फाटते. जुनं घर इतक्या वर्षांत बसायचं तेवढं बसलं. नवं आता बसायला लागणार. दोघांना घट्ट बांधलं की ओढाताण होऊन भेग पडणारच. म्हणून नव्या भागाचा पाया वेगळा, कॉलम वेगळे आणि मध्ये इंचभर सांधा, त्यावर पट्टी. पाया ओलावा बदलतो त्या थराच्या खाली न्यायचा. अशाच मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाला फुगीर असलेले पाइल विकसित केले. छपराचं पाणी पायाशी पडू द्यायचं नाही, ही तिसरी अट. आणि आंब्यासारखं मोठं झाड भिंतीजवळ लावायचं नाही. काळ्या मातीत त्याची मुळं पाणी ओढतात आणि जमीन अधिकच आक्रसते.

मामा : हे तू बरोबर बोललीस. आता छप्पर. स्लॅब टाक, म्हणजे पुढे वर चढवता येईल.

भाची : खोलीवर स्लॅब टाका, पाया त्या बेताने घ्या; पुढे मुलाला वर खोली काढता येईल. पडवीवर मात्र हलकं छप्पर. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर उष्णता खाली सोडतो.

मामा : मग कौलं? नऊ फुटांत कौलांना उतार पुरेल? घराचा स्लॅब दहा फुटांवर. पुढची वळचण साडेसात फुटांखाली नेली तर माणसाचं डोकं आपटेल. नऊ फुटांत अडीच फूट उतार. नुसत्या कौलांतून पहिल्याच पावसात गळेल.

भाची : कलर मास्तर आहात की गवंडी? बरोबर आहे, नुसती कौलं चालणार नाहीत. कोकणात आता सर्रास करतात तसं करू: खाली पत्रा, वर कौल. पाणी पत्रा अडवतो, ऊन आणि पावसाचा आवाज कौल. मध्ये एक पट्टी पारदर्शक ठेवायची, नाहीतर स्वयंपाकघर अंधारेल.

मामा : आणि ऊन? दक्षिणेकडे उघडी पडवी म्हणजे भट्टी.

भाची : उलट दक्षिणेचं ऊन अडवणं सगळ्यांत सोपं. पलसाणा कर्कवृत्ताच्या जरा खाली आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून पंचेचाळीस अंशांवर असतो. साडेसात फुटांच्या वळचणीखालून ऊन पडवीत सात फूट आत येईल. थंडीत तुम्हाला तेच हवं. २१ मार्चच्या सुमाराला सूर्य एकोणसत्तर अंशांवर चढतो, ऊन तीन फुटांवर थांबतं. जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, म्हणजे पडवीत त्याचा पायही पडत नाही. पश्चिमेचं तिरपं ऊन खरं त्रासाचं, ते शेजाऱ्याने भिंत बांधून तुमच्यासाठी अडवलंच आहे.

मामा : पावसाचं काय? वारा नैर्ऋत्येचा म्हणालीस, पाऊसही तिकडूनच मारतो.

भाची : म्हणून तर नऊ फूट. पाच फुटांची पडवी झडीत सगळी भिजते, नऊ फुटांत मागचा अर्धा भाग कोरडा राहतो. पडवीची लादी स्वयंपाकघरापेक्षा एक पायरी खाली आणि जमिनीपेक्षा दीड फूट वर. बाहेरच्या बाजूला दीड-दोन इंच उतार. स्वयंपाकघराच्या दाराला जाळीचं दुसरं दार, डासांसाठी. पडवीच्या पुढच्या बाजूला सरकती लोखंडी जाळी, रात्री ओढून कुलूप. दीड फुटाचं जोतं आणि जाळी मिळून जनावरही सहसा आत येत नाही. धूळ येईल, पण ती पडवीत बसेल, घरात नाही. आणि पाणी? सुरतेकडे वर्षाला सरासरी बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस फुटांच्या या छपरावरून दहा-अकरा हजार लिटर पाणी उतरेल. पन्हळ लावून टाकी भरा, पुढचं बागेत सोडा.

मामा : सगळं पटलं असं समज. पण घर म्हणजे रोजचे दोघं नाहीत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. भाऊबंद जमतात, रोट खायला पंगत बसते. भर पावसात त्या माणसांना कुठे बसवू? तुझ्या चिकूखाली? म्हणून मला मोठी बंद खोली हवी.

मामी : आता मी बोलू? गेल्या खेपेला पंगत पुढच्या खोलीत बसली. चूल बाहेर, ताडपत्रीखाली. मी आणि जावा पाण्यातून ये-जा करत होतो, रोट भिजू नयेत म्हणून पदर धरून. वाड्यात खोल्या काढल्या तर चूल कुठे मांडू? मांडे करायचे झाले तर खापर गॅसवर ठेवू? खोलीत धूर कोंडेल. मला डोक्यावर छप्पर हवं, चारी बाजूंनी भिंत नको. आणि आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, लेकी येतात, त्यांचा झोका झाडालाच लागतो.

भाची : मामीने माझा नकाशा एका दमात मांडला.

मामा : तुमची युती आहे. बरं, भाड्याचं सांगा. महिन्याचं उत्पन्न जातंय.

भाची : जातंय, ते मी लपवत नाही. पण भाडेकरूची वाट कुठून? तुमच्या पुढच्या खोलीतून, स्वयंपाकघरातून मागे. रो-हाऊसला बगलेतून रस्ता नाही. रात्रपाळीचा माणूस पहाटे तुमच्या अंथरुणावरून जाणार. भाडं हवंच असेल तर वर, ओटल्यातून जिना काढून. तिथे त्याची वाट वेगळी, तुमची वेगळी.

मामा : हं. हे मनात आलं नव्हतं असं नाही. तुझी मामी हेच म्हणत होती.

भाची : आणि मंजूर नकाशा बघितलात? मागचं मार्जिन सोडावंच लागतं. चार फूट पट्टी ठेवली म्हणजे चाललं, असं नाही.

मामा : सगळे बांधतात आणि मग इम्पॅक्ट फी भरून नियमित करून घेतात.

भाची : २०११ला कायदा आला, २०२२ला पुन्हा आला, बरोबर. पण दोन्ही वेळा सवलत आधी उभ्या असलेल्या बांधकामाला होती. उद्या बांधणाऱ्याने आणखी एका कायद्याच्या भरवशावर पाया खणायचा? माझ्या नकाशात खोली मार्जिनच्या आत थांबते. पडवीचं छप्परही त्या हिशेबात दाखवून रीतसर परवानगी घ्यायची. विकायची वेळ आली तर कागद स्वच्छ असलेलं घर आधी विकलं जातं.

मामा : शेवटचं. उद्या कुटुंब वाढलं आणि ती खोली अपुरी पडली तर?

भाची : तर पडवीला भिंती घाला. पाया भक्कम असेल, जोतं असेल, छप्पर असेल. आठवड्याचं काम. बेलापूरच्या लोकांनी हेच केलं, गरज पडली तेव्हा, गरजेपुरतं. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत तर जोतं, पाणी, संडास आणि एखादी खोली एवढंच देऊन बाकीचं घर माणसांवर सोपवलं, आणि १९९५ला त्या कामाला आगा खान पुरस्कार मिळाला. घर एका दमात संपवायचं नसतं.

मामा : मग असं कर. खोली नऊऐवजी दहा फूट रुंद. म्हातारपणी चाकाची खुर्ची फिरली पाहिजे. पडवी दहा फूट रुंद होईल, होऊ दे. आणि पडवीच्या पायरीजवळ एका बाजूला उतार काढ.

भाची : काढते. खोलीचं दार साडेतीन फुटांचं करू, संडासाचंसुद्धा.

मामी : आणि धुण्याचा दगड पडवीच्या कडेला. उन्हात नको.

या वादात कोण जिंकलं? मामांना खोली मिळाली, मामींना पडवी आणि भाचीला उघडी जमीन. मामांच्या शंकांनी नकाशा पक्का झाला: उतार, तडा, धूळ, चाकाची खुर्ची, हे सगळं त्यांच्या विरोधातून आलं. जो नकाशा अशा विरोधाला उत्तर देऊ शकत नाही, तो बांधू नये. भाचीचं पारडं जड ठरलं ते बाग सुंदर असते म्हणून नाही. त्या घराचं अर्धं काम आधीपासूनच वाड्यात चालत होतं, घरानेच त्याच्याकडे पाठ केली होती, हे तिने दाखवलं म्हणून.

पलसाण्यात, धुळ्यात किंवा पुण्याच्या उपनगरात, ज्यांच्या घरामागे थोडी जमीन शिल्लक आहे त्यांना इतकंच सांगणं: गवंड्याला बोलावण्याआधी नव्या भिंतींच्या रेघा चुन्याने जमिनीवर आखा आणि एक पावसाळा त्या रेघांमध्ये वावरून बघा. पाणी कुठे साचतं, वारा कुठून येतो, घरातली माणसं नेमकी कुठे बसतात, ते तेवढ्यात कळेल. पाया खणायचं काम दिवाळीनंतर घ्या. आणि मन द्विधा असेल तेव्हा कमी बांधा. मोकळी ठेवलेली जागा पुढे केव्हाही भरता येते. भरलेली जागा पुन्हा मोकळी केलेलं घर क्वचितच दिसतं.